गायकर सरांनी न मारलेला शिक्का

गायकर सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला तीन वेळा हात धुवायला लावले.

मी डिप्लोमा संपवून नुकतीच आमच्या हेलिकॉप्टर कारखान्याच्या खालापूर विभागात लागले होते. कारखाना देशाचा. सैन्याची हेलिकॉप्टरं आणि राज्य सरकारांची, कंपन्यांची नागरी हेलिकॉप्टरं आमच्याकडे मोठ्या दुरुस्तीला येतात. ती पूर्ण सुटी करायची, एकेक भाग तपासायचा, पुन्हा जोडायची आणि ग्राहकाच्या ताब्यात द्यायची, असं हे काम. तपासणी खात्याचे प्रमुख होते श्री. शांताराम गायकर. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून नाव सांगितलं, “रेहाना खोत.” त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. हातांकडे पाहिलं.

“हातांना काय लावलंस?”

“थंडीचं क्रीम, सर.”

“धुऊन ये.”

धुऊन आले. त्यांनी माझी बोटं काचेच्या पट्टीवर टेकवायला लावली, पट्टी उजेडात धरली आणि पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा मला रडू यायचंच बाकी होतं. मग ते म्हणाले, “बस आता. इथं आपण सुट्या भागावर लाल रंग लावतो. धातूला तडा गेला असंल तर रंग त्यात शिरतो. वरून पुसला तरी आत ऱ्हातो, आणि पांढरी पूड मारली की लाल रेघ उठते. पण तड्यात आधीच तेल बसलं असंल तर रंग शिरणार कुठून? तडा असतो, आणि आपण लिहून देतो की नाय. कळलं का गं?”

कळलं. निदान त्या दिवशी मला तसं वाटलं.

सरांना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीचे श्री. सुर्वे यांनी माझ्याकडे लेख मागितला. सोबत चार ओळींची सूचना होती, की लेख आनंदी असावा, जुने कडवट प्रसंग टाळावेत, सरांच्या शांत आणि समाधानी स्वभावावर भर द्यावा. मी सुर्व्यांना तेव्हाच सांगितलं की मला तसा लेख जमणार नाही. सरांवर लिहायला बसले की मला राग येतो. सरांचा नव्हे. ज्यांनी त्यांच्याशी हे केलं त्यांचा येतो, आणि त्यांत मीही होते म्हणून स्वतःचा येतो. सुर्वे म्हणाले, “लिहा मॅडम, मग बघू.” तर हे लिहिलं आहे. बघा.

सर मूळचे कडावचे. घरची भातशेती, चार म्हशी. आयटीआयला फिटरचा कोर्स करून ते कारखान्यात लागले आणि हाताच्या गुणावर वर चढत तपासणी खात्यात आले. तपासणीसाला स्वतःच्या क्रमांकाचा एक पितळी शिक्का मिळतो. भाग ठीक असला तर कागदावर तो शिक्का मारायचा. शिक्का म्हणजे सही, आणि सहीपेक्षा जास्त, कारण हजार मैलांवरचा वैमानिक त्या शिक्क्याच्या भरवशावर जमीन सोडतो. सर पुढे भिसेगावात राहायला आले, मोठे अधिकारी झाले, पण बोली कडावचीच राहिली. दिल्लीहून आलेल्या साहेबांसमोरही ते ‘हाय’ आणि ‘नाय’च म्हणत. आमच्यातले काही जण मागे हसत. समोर हसण्याची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या कामाची रीत सांगायची तर एक प्रसंग पुरे. सैन्याचं एक हेलिकॉप्टर जोडून तयार होतं. संध्याकाळी हत्यारांच्या फळीवर एक पाना कमी भरला. हेलिकॉप्टरात पाना राहिला तर तो उडताना कुठे जाऊन अडकेल, सांगता येत नाही. सरांनी हँगर बंद केला. बसेस थांबवल्या. आम्ही साठ माणसं गुडघ्यांवर बसून जमीन हुडकत होतो, लोक शिव्या घालत होते. पाना सापडला तो दहिवलीच्या एका फिटरच्या डब्याच्या पिशवीत. चुकून गेला होता. सर सगळ्यांना म्हणाले, “सापडला. घरी जा.” कुठे सापडला ते कुणाला सांगितलं नाही. तो फिटर दुसऱ्या दिवशी माफी मागायला आला तेव्हा ते म्हणाले, “माफी काय मागतोस? पिशवी आत आणू नको.” मी शेजारी बसले होते म्हणून मला ठाऊक.

आणि ममतेचं म्हणाल तर तीही त्यांची अशीच, रागातून बाहेर पडणारी. हँगरमध्ये मी एकटीच मुलगी. बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. मी दिवसभर पाणी प्यायचे नाही, चहा आला की नको म्हणायचे. पंधरा दिवसांनी सरांनी विचारलं, “तुला चहा चालत नाय का?” मी खाली बघत राहिले. ते उठले, अधिकाऱ्यांच्या स्वच्छतागृहाला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. विभागप्रमुखांनी जाब विचारला तेव्हा म्हणाले, “तुमी दहा जण हाय, हँगरामागं जाऊ शकता. ती कुठं जाईल?” आठ दिवसांत नवं स्वच्छतागृह बांधायला काढलं. त्याआधी निधी नाही म्हणून तीन वर्षं अडलेलं काम होतं ते.

आता मुख्य गोष्ट सांगते. गेली वीसेक वर्षं मी ती कुणाला सांगितलेली नाही.

एका डोंगराळ राज्याचं हेलिकॉप्टर आमच्याकडे आलं होतं. ते रुग्णांसाठी होतं. रस्ता नाही तिथल्या गावांतून आजारी माणसं, अडलेल्या बायका उचलून खाली रुग्णालयात आणायच्या, हे त्याचं काम. हेलिकॉप्टरच्या शेपटीला एक छोटा पंखा असतो. तो थांबला तर अख्खं यंत्र स्वतःभोवती गरगरायला लागतं. त्या पंख्याच्या दांड्याच्या मानेवर सरांना एक लाल रेघ दिसली. केसापेक्षा बारीक, नखाएवढी लांब. त्यांनी भाग धुऊन पुन्हा तपासला. पुन्हा रेघ. त्यांनी दांडा बाद केला.

नवा दांडा यायला दोन महिने लागणार होते. आणि हेलिकॉप्टर सोपवण्याचा समारंभ दहा दिवसांवर होता. मंडप पडला होता, मंत्री येणार होते, पत्रिका गेल्या होत्या. विभागप्रमुखांनी बैठक बोलावली. मी सरांच्या फायली घेऊन मागे बसले होते.

विभागप्रमुख म्हणाले, “गायकर, हा ओरखडा आहे. बारीक पॉलिश करून घ्या आणि पुन्हा तपासा.”

सर म्हणाले, “साहेब, ओरखडा असंल तर पॉलिशनं जाईल. तडा असंल तर पॉलिशनं तडा जाईल का फकस्त दिसायचा थांबंल, येवढं मला सांगा.”

सगळ्यांना उत्तर माहीत होतं. धातू घासला की तो तड्याच्या तोंडावर पसरतो आणि तोंड बुजतं. मग लाल रंग आत शिरत नाही.

“म्हणजे तुम्ही शिक्का मारणार नाही?”

“नाय.”

दुसऱ्या दिवशी सरांची बदली झाली. तपासणीतून स्टोअरमध्ये. तेव्हा ‘तात्पुरती’ म्हणाले. आणि तिसऱ्या दिवशी तो दांडा माझ्या टेबलावर आला. चकचकीत पॉलिश केलेला.

माझ्याकडे स्वतःचा शिक्का येऊन दोनच वर्षं झाली होती. नोकरी अजून पक्की नव्हती. विभागप्रमुख स्वतः येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि फार प्रेमाने म्हणाले, “तू फक्त नियमाप्रमाणे तपास, बेटा. रेघ आली तर बाद कर. नाही आली तर नाही आली.” मी नियमाप्रमाणे तपासलं. हात धुतले, रंग लावला, थांबले, पुसलं, पूड मारली. रेघ आली नाही. ती येणार नव्हती, हे मला रंगाचा डबा उघडण्याआधीपासून माहीत होतं. मी शिक्का मारला.

समारंभ झाला. हेलिकॉप्टरला हार घातला. मी टाळ्या वाजवल्या.

ते उडून गेल्यावर चौथ्या दिवशी मला राहवेना. मी भिसेगावला सरांच्या घरी गेले. सर आणि त्यांच्या पत्नी सुमनकाकू अंगणात वाल सोलत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की दांडा पॉलिश केला आणि शिक्का माझा आहे. काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. सरांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “किती उडालं असंल आतापोत्तर?” मग म्हणाले, “घरी जा तू.”

पुढे काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. सरांनी त्या राज्याच्या हँगरला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की तक्रार लेखी पाठवा, आणि तीही तुमच्या कारखान्यामार्फत. सरांनी रजेचा अर्ज टाकला, गाडीत बसले. पुढे बस, त्याच्यापुढे जीप. तिथल्या मुख्य अभियंत्यांनी त्यांना दोन तास फाटकाबाहेर ठेवलं. गळ्यात मफलर, पायात चपला घातलेला हा माणूस ‘दांडा काढा’ म्हणतोय, त्याचं काय ऐकायचं? सर जागचे हलले नाहीत. हेलिकॉप्टर एक फेरी करून उतरलं तसे ते फाटकातून थेट आत घुसले आणि त्याच्या शेपटीखाली जाऊन बसले. म्हणाले, मला उचलून न्या, नाहीतर दांडा काढा.

दांडा काढला. सरांनी सांगितलं, आधी तेजाब लावून वरचा पसरलेला थर उतरवा, मग लाल रंग लावा. तसं केलं. रेघ आली. आमच्या टेबलावर नखाएवढी होती, आता दुप्पट झाली होती. सकाळच्या फेरीत त्याच हेलिकॉप्टरमधून एक बाळंतीण आणि तिची आई खाली आली होती.

मुख्य अभियंत्यांनी सरांना घरी नेऊन जेवू घातलं आणि निघताना दोन किलो राजमा बांधून दिला.

कोणी मेलं नाही. हेलिकॉप्टर पडलं नाही, वर्तमानपत्रात ओळ आली नाही. आणि मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो. अपघात झाला असता तर कारखान्याची चौकशी झाली असती. तो सरांनी होऊ दिला नाही, म्हणून चौकशी सरांची झाली. आरोप दोन होते. पहिला, कारखान्याची अंतर्गत माहिती परवानगीशिवाय ग्राहकाला दिली. दुसरा वाचून कुणाला विनोद वाटेल, पण तो कागदावर आहे: ग्राहकाकडून भेटवस्तू स्वीकारली. तो राजमा!

सरांना आधी दिसलेली रेघ ओरखड्याची होती आणि तडा हेलिकॉप्टर सोपवल्यानंतर उडताना पडला असावा, असं कारखान्याने लिहून टाकलं. पुरावा काय? माझा शिक्का. साक्षीदार म्हणून मला बोलावलं. चौकशी करणाऱ्यांनी सरांना विचारलं, “तुम्ही स्टोअरमध्ये होता. दांडा पॉलिश केल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? नाव सांगा, ताकीद देऊन प्रकरण मिटवू.”

सर म्हणाले, “नाव नाय सांगणार.”

मी तीन हात अंतरावर बसले होते.

मग मला एकच प्रश्न विचारला. “तुमच्या तपासणीत रेघ आली होती का?” मी म्हटलं, “नाही.” उत्तर खरं होतं. म्हणूनच ते इतकं नीच होतं.

सरांचा शिक्का कायमचा काढून घेतला. ‘शिस्तभंग’ असा शेरा त्यांच्या सेवापुस्तकात लागला. निवृत्त होईपर्यंत पाच वर्षं ते स्टोअरच्या खिडकीत बसून हातमोजे, पुसायची फडकी आणि रबराच्या चकत्या देत होते. देशातल्या उत्तम तपासणीसांपैकी एक माणूस. माझी नोकरी पक्की झाली.

रोज सकाळी मला हातमोजे घ्यायला त्याच खिडकीशी जावं लागे. पहिले काही दिवस मी दुसऱ्याला पाठवलं. मग एकदा सरांनीच निरोप दिला, “तिला म्हणावं, सोता ये.” गेले. त्यांनी हातमोजे पुढे केले आणि विचारलं, “आज काय तपासायचं हाय?” मी सांगितलं. त्यांनी त्या भागाला तडा कुठे कुठे जाऊ शकतो ते बोटाने लाकडी फळीवर काढून दाखवलं. दुसऱ्या दिवशीही. असं पाच वर्षं चाललं. मला येतं ते सगळं मी त्या खिडकीशी उभी राहून शिकले. आज मी त्या खात्याची प्रमुख आहे. त्यानंतर मी अकरा भाग बाद केले ज्यांवर वरून दबाव होता, आणि प्रत्येक वेळी मी भ्याले. पण शिक्का मारला नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. जे एकदा करायला हवं होतं ते वेळेवर केलं नाही, म्हणून पुढे करत राहिले.

सुर्व्यांनी मला या ग्रंथाची काही पानं वाचायला दिली. त्यात तेव्हाच्या विभागप्रमुखांचा लेख आहे. ते पुढे फार वर गेले. लेखात ते म्हणतात की गायकर हे कारखान्याच्या कुटुंबातले एक शांत, समाधानी सदस्य होते, त्यांच्या मनात कुणाविषयी राग नव्हता, आणि स्टोअरची जबाबदारी त्यांनी आनंदाने स्वीकारली. समारंभात शाल घालायलाही तेच येणार, असं पत्रिकेत छापलं आहे.

ही पानं घेऊन मी मागच्या महिन्यात भिसेगावला गेले. सरांना आता कमी दिसतं, म्हणून मी वाचून दाखवलं. ‘राग नव्हता’ या वाक्यापाशी त्यांनी मला थांबवलं.

“त्याला कुणी सांगितलं राग नाय म्हणून? हाय. रोज असतो.”

काकू म्हणाल्या, “अहो, आता कशाला? पंच्याहत्तरीला?”

“मग काय पंच्याहत्तरीला राग संपतो व्हय गं?” ते माझ्याकडे वळले. “शाल त्याच्या हातनं नको. सुर्व्यांना सांग.”

मी म्हटलं, “सर, मी सगळं लिहिणार आहे. माझं नावही.”

त्यांनी विचारलं, “तुला काढतील का?”

“काढू देत.”

“लिही मग. पण नीट लिही. मला देव करू नको. तू सांगून गेलीस त्याच्यानंतर मी दोन दिवस घरीच व्हतो. भ्यालो व्हतो. पाच वर्षं ऱ्हायली व्हती नोकरीची, पोरीचं लग्न व्हायचं व्हतं. फोन केला, तिकडचा नाय म्हणला, तर मला बरंच वाटलं, की झालं आपलं काम. ही म्हणली, त्या हेलिकॉप्टरातनं बाया नेतात ना हो? तवा निघालो. ते दोन दिवस ते उडत व्हतं रेहाना. माणसं घेऊन उडत व्हतं. त्ये पन लिही.”

काकू पदराने चष्मा पुसत राहिल्या. सरांनी सांगितलं म्हणून लिहिलं आहे. त्यांना घराबाहेर काढणारं वाक्य सुमनकाकूंचं होतं, हे मलाही त्या दिवशीच कळलं. या ग्रंथात त्यांच्यावर एकही लेख नाही, हेही समितीने पाहावं.

भिसेगावहून परतल्यावर मी कारखान्याच्या मुख्य कचेरीला अर्ज केला आहे. दांडा पॉलिश होऊन माझ्याकडे आला, हे मला माहीत होतं आणि तरी शिक्का मी मारला, असं माझ्या सहीने लिहून दिलं आहे. श्री. शांताराम गायकर यांच्या सेवापुस्तकातला ‘शिस्तभंग’ हा शेरा खोडावा, एवढी एकच मागणी आहे. अर्ज पोचल्याचा कागद आला. मग दुसरा आला, की संबंधित फाईल शोधण्याचं काम चालू आहे. तिसऱ्यात म्हटलं आहे की निवृत्त कर्मचाऱ्याच्या बाबतीत असा शेरा खोडण्याची तरतूद आहे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मागवलं आहे. माझ्यावर काय कारवाई करायची याचा कागद मात्र लगेच आला. त्याची फाईल त्यांना सापडली.

सर, तुमच्या डोळ्यांवरचा मोतीबिंदू लवकर निघो. गुडघे साथ देवोत, काकूंची तब्येत चांगली राहो. तुम्हाला शंभर वर्षं मिळोत असं मी मनापासून म्हणते, आणि आमच्या कचेरीचा वेग ओळखून म्हणते. शेरा खोडलेलं ते पान घेऊन मी स्वतः भिसेगावला येईन आणि तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवीन. तोवर तुम्ही असायलाच हवं. रागासकट.

रेहाना खोत
खालापूर